कॅनडातून आलेला कांदा

कोणत्याही वस्तूची योग्यता ती आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावरून ठरते. आंबा वर्षभर वाट पाहायला लावतो म्हणून त्याला मान; केळं बारा महिने दाराशी येतं म्हणून त्याची चौकशी कुणी करत नाही. हाच नियम चित्रफितींना लागू आहे. हल्ली बोट टेकवलं की दोन तासांचा सिनेमा समोर हजर होतो, आणि म्हणूनच तो कुणी धड पाहत नाही. आमच्या काळी, म्हणजे सन १९९९च्या जानेवारीत, अडतीस सेकंदांची एक चित्रफीत कोल्हारला यायला अकरा दिवस लागले. सेकंदामागे सुमारे सात तास. (हे गणित मी स्वतः केलं आहे. त्या काळात माझ्याकडे वेळ होता.)

सदर चित्रफितीच्या आगमनाचा वृत्तान्त मी आजवर अनेकांना ऐकवला आहे. तो शेवटपर्यंत कुणी ऐकला नाही, सबब लेखी देत आहे.

मी कानिफनाथ. कोल्हारच्या बसस्टँडमागे माझी टंकलेखन संस्था होती. सोळा टाइपरायटर, त्यांपैकी अकरा चालू. काळाची पावलं ओळखून मी एक संगणक घेतला आणि पाटीवर 'टंकलेखन'च्या पुढे 'व संगणक' असं रंगवून घेतलं. पाटीवर जागा कमी पडल्यामुळे 'संगणक'मधला शेवटचा 'क' शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर गेला. गिरणीच्या मालकीण भागूबाई यांनी त्याला हरकत घेतली नाही. उलट गिऱ्हाइकांना त्या "'क'च्या इकडं या" असा पत्ता सांगू लागल्या.

संगणकासोबत एक तबकडी मिळाली होती. तिच्यात चार चित्रफिती होत्या. त्या पाहिल्या आणि मी पूर्वीचा राहिलो नाही. राहात्यात फोटो स्टुडिओ चालवणारे राधाकृष्ण यांचीही तीच अवस्था झाली. आम्ही दोघांनी मिळून 'डिजिटल चित्रफीत संग्रह व देवाणघेवाण मंडळ (नियोजित)' स्थापन केलं. मी अध्यक्ष, राधाकृष्ण सचिव. काष्टीचे सहादू मास्तर हे तिसरे सभासद. त्यांच्या फ्लॉप्या काष्टीच्या बाजारातून बैल घेऊन येणाऱ्या टेम्पोतून येत. त्या आम्ही आधी पुसत असू आणि मग संगणकात घालत असू. घाईत एकदा हा क्रम उलटा झाला.

सन १९९८ अखेर मंडळाच्या संग्रहात चौदा चित्रफिती होत्या. त्यांची एकूण लांबी दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद. प्रमुख चित्रफिती अशा:

अग्निबाण, नऊ सेकंद. (उडण्याच्या आधी संपते.)

काचेच्या टाकीतला मासा, बारा सेकंद. डावीकडून उजवीकडे जातो. सहादू मास्तरांच्या प्रतीत तो उजवीकडून डावीकडे जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी ते एकदा कोल्हारला येऊन गेले. मासा एकच निघाला. संगणकाकडे ते आरशातून पाहत असत.

गोरा माणूस हसतो, सहा सेकंद. कशाला हसतो, यावर मंडळात मतभेद होते आणि आहेत.

या चित्रफिती आम्ही पाहत असू असं नाही. त्यांच्या प्रती काढत असू. प्रतींची यादी करत असू. यादीची प्रत काढत असू. माझी सौभाग्यवती चांगुणा हिने एकदा विचारलं, "एवढं काय असतं हो त्यात?" मी म्हणालो, "त्यात काय आहे हा मुद्दा नाही." ती म्हणाली, "मग कोणता मुद्दा आहे?" त्यावर मंडळाच्या पुढच्या सभेत चर्चा करण्याचं ठरलं.

अशा परिस्थितीत मला वृषालीचं ईमेल आलं.

वृषाली ही माझी माजी विद्यार्थिनी. संस्थेच्या इतिहासात मिनिटाला साठ शब्द टंकलेखन करणारी एकमेव. (पुढचा क्रमांक माझा, अडतीस.) पुढे ती इंजिनिअर झाली आणि कॅनडात नोकरीला गेली. गावात ईमेलचा पत्ता माझ्या एकट्याकडे होता. दर सोमवारी मी नगरच्या नंबरावर फोन लावून पेटी उघडत असे आणि रिकामी पाहून समाधानाने बंद करत असे. त्या सोमवारी ती रिकामी नव्हती. मजकूर मराठी, पण अक्षरं इंग्रजी. लिहिलं होतं: सर, दर रविवारी घरी फोन लावते, पाच महिने कुणी उचलत नाही. आईला माझा एक व्हिडिओ दाखवाल का? मोठा आहे, म्हणून नऊ तुकडे करून पाठवते. पण ॲनाला कळू देऊ नका.

ही ॲना कोण, यावर मी अर्धा दिवस घालवला. वृषालीची कॅनडातली घरमालकीण असावी इथवर मी पोहोचलो होतो. दुपारी वृषालीची आई कलाबाई संस्थेत आल्या, तेव्हा मी त्यांना गंभीरपणे सांगितलं, "कलाताई, ॲनापासून सावध राहावं लागेल." त्यांनी कागद हातात घेतला, अक्षरं लावली आणि म्हणाल्या, "सर, हे आण्णा हाय. तिचे आण्णा. आमचे हे."

कलाबाई वस्तीवरची अंगणवाडी चालवत. त्यांचे यजमान भीमराज हे टेलिफोनचे लाईनमन. कोल्हार परिसरातल्या तीनशे फोनांचा जीव त्यांच्या पकडीत होता. कलाबाईंनी जे सांगितलं ते असं: वृषाली दर रविवारी सकाळी फोन करायची. ऑगस्टमधल्या एका रविवारी तिने सांगितलं, की तिने लग्न केलं. मुलगा तिच्याच कंपनीतला, केरळचा. नोंदणी होऊन दहा दिवस झाले होते.

"भीमराजभाऊंना मुलगा पसंत नाही?" मी विचारलं.

"मुलाचं काई न्हाई. जातीचंबी काई न्हाई. ते म्हनले, 'आदी सांगितलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो का? दहा दिवसांनी सांगती, म्हंजी मला काय शेजारी समजली का?' फोन ठिवला, आन् वायरच उपटली भितीतून."

म्हणजे पंचक्रोशीतले फोन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरचा फोन पाच महिने बंद होता, आणि त्याबद्दल एकही तक्रार नोंदवलेली नव्हती.

मी मंडळाची तातडीची सभा बोलावली. राधाकृष्ण राहात्याहून मोपेडवर आले. ठराव एकमताने मंजूर झाला: सदर चित्रफीत मंडळाच्या मार्फत उतरवून घ्यावी, तिची पंधरावी चित्रफीत म्हणून नोंद करावी, मातेस दाखवावी, पित्यास कळू देऊ नये. (ठरावातला क्रम मी बदललेला नाही.)

आता तांत्रिक बाजू. एक तुकडा उतरायला चौदा मिनिटं लागत. आमच्या लाईनीवर संगणकाचा फोन सरासरी सहा मिनिटं टिकत असे. तुटला, की तुकडा पुन्हा पहिल्यापासून. टेलिफोनच्या ऑफिसपासून माझ्या संस्थेपर्यंत आमची तार सात अधिकृत खांब आणि एक अनधिकृत बाभूळ यांच्या आधाराने येत होती. कारखान्याचा हंगाम चालू होता. उसाचा ट्रेलर खालून गेला की वरचा ऊस तारेला घासायचा आणि कॅनडा निघून जायचा. म्हणून मी दुपारी एक ते तीन ही वेळ निवडली; तेव्हा ट्रेलरवाले जेवायला थांबतात.

पहिल्या दोन दिवसांत एकोणीस प्रयत्न झाले. उतरलेले तुकडे: शून्य. कारणांची वर्गवारी: न जेवणारे ट्रेलरवाले आठ, खार तीन, वारा दोन, चांगुणाने "वीज गेली का हो?" हे पाहण्यासाठी बटण बंद करून पुन्हा चालू केलं एक, भागूबाई पाच.

भागूबाईंच्या फोनची तार बाभळीवर आमच्या तारेला चिकटलेली होती. त्यांनी फोन उचलला की त्यांना संगणक फोनला जोडणाऱ्या आमच्या मोडेमचा आवाज येई. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांच्या डोळ्यांत आज पाणी येतं. मंडळाकडे त्याच्या सहा प्रती आहेत. भागूबाईंना मात्र तो कुणाचं तरी तान्हं मूल रडतंय असा वाटला. त्यांनी त्याला चार मिनिटं "उगी, उगी" केलं. मग "कुनाचं हाय गं हे?" असं दरडावून विचारलं. मोडेमने उत्तर दिलं नाही आणि फोन तुटला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही लाईन जगात एकच माणूस दुरुस्त करू शकतो, आणि नेमका तोच माणूस ठरावाने वर्ज्य आहे. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी रीतसर तक्रार अर्ज दिला. विषय: लाईन वारंवार खंडित होणेबाबत. संध्याकाळच्या आत भीमराजभाऊ सायकलला शिडी बांधून हजर झाले.

"जय भीम, सर. काय झालं लाईनला?"

"जय भीम. सहा मिनिटांच्या वर टिकत नाही, भाऊ."

"सा मिनिटात बोलून हुत न्हाई का?"

"बोलायचं नाही. एक चित्रफीत उतरवतोय. संगणकावर."

"कशाची?"

मी या प्रश्नाची तयारी केली होती. "कांद्याची," मी म्हणालो. "कांद्याच्या साठवणुकीची. शैक्षणिक आहे."

"कुठनं येतीय?"

या प्रश्नाची तयारी केली नव्हती. "कॅनडातून."

भीमराजभाऊंनी सायकलवरून शिडी सोडली. मग म्हणाले, "लई लांबून येतोय कांदा."

पुढे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. गुप्तता पूर्णपणे पाळली गेली, असा शेरा मी त्या दिवशी वहीत लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कामाला लागले. सातही खांबांवर चढून गंजलेले जोड कापले आणि नवे घातले. भागूबाईंची तार वेगळी केली. बाभळीच्या फांद्या छाटल्या. दोन्ही हात काट्यांनी भरले. मी म्हणालो, "भाऊ, अर्जात एवढं काही मागितलं नव्हतं." ते म्हणाले, "कांद्याला वारं लागतं, सर. वाट मोकळी पायजे."

त्या दुपारी पहिला तुकडा उतरला.

मग रोज एकच्या ठोक्याला ते शिडी घेऊन येऊ लागले. कुणी बोलावलं नव्हतं. सातव्या खांबाला शिडी लावून वरच्या पायरीवर बसत आणि ट्रेलर आला की काठीने तार वर उचलून धरत. त्यांच्या कमरेला लाईन तपासायचा फोन लटकत असे. मी एकदा म्हणालो, "तो जोडून बघा की, लाईन नीट चाललीय का ते कळेल."

"न्हाई. मी ऐकाया गेलो तर तुटंल," ते म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

एक तुकडा पूर्ण झाला की मी संस्थेची घंटा वाजवत असे. टंकलेखनाची मुलं सुटली असं समजून उठत. त्यांना परत बसवावं लागे. घंटा ऐकून भीमराजभाऊ खाली उतरत.

"किती झाले कांदे?"

"चार."

"ऱ्हायले पाच." एवढं बोलून सायकलवर शिडी बांधत.

कलाबाईही रोज येत, पण त्यांची व्यवस्था मी वेगळी केली होती. अंगणवाडी सुटली की त्या भागूबाईंच्या गिरणीतून मागच्या दाराने आत येत, म्हणजे खांबावरून दिसू नयेत. संगणकाच्या पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जाई. त्या ती पट्टी पाहत बसत. मी सांगितलं, "ताई, यात अजून काही दिसत नाही." त्या म्हणाल्या, "येतीय तर खरी." गिरणीतून येण्याजाण्यामुळे घरी जाताना त्यांचं लुगडं पिठाने पांढरं झालेलं असे. त्या अकरा दिवसांत त्यांच्या घरी एकदाही दळण आणलेलं नव्हतं. ही बाब कुणाच्या लक्षात येईल असं मला वाटलं नाही. (मला वाटलं नाही, हे या संपूर्ण वृत्तान्ताचं सार म्हणून वेगळं लिहिता येईल.)

अकराव्या दिवशी नववा तुकडा उरला होता. नेमकं त्या दिवशी कारखान्याच्या वजनकाट्यावर काहीतरी खोळंबा झाला होता, आणि तो सुटल्यावर एकदम सात ट्रेलर गावातल्या रस्त्याने निघाले. पट्टी अर्ध्यावर आली होती. बाहेर आरडाओरडा ऐकू आला. ट्रॅक्टरांचे भोंगे वाजू लागले. मला खिडकीपर्यंत जायचा धीर झाला नाही. मी पट्टीकडे पाहत राहिलो. कलाबाईंनी संगणकाच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती, जणू तो उठून जाणार होता.

भोंगे सात-आठ मिनिटं वाजत राहिले. पट्टी भरली. मी घंटा वाजवली.

बाहेर काय घडलं ते मला नंतर गोरक्षनाथ या ट्रेलरवाल्याने सांगितलं. भीमराजभाऊंनी शिडी रस्त्यावर आडवी टाकली होती आणि तिच्यापुढे ते स्वतः उभे होते. ऊस वाळतोय, खेप बुडतेय, म्हातारं खुळं झालं, असं सगळं बोलून झालं. हे हलले नाहीत. "आमी इचारलं, बाबा, कुनासाठी अडवलंय? तर म्हनलं, थांबा वाईच, पोरगी येतीय. आमी यष्टीकडं बघत बसलो. यष्टी आली न् गेली, पोरगी काय उतरली न्हाई. मग घंटा झाली आन् त्यानं शिडी उचलली."

चित्रफितीचा विषय कांदा असल्याचं मी भीमराजभाऊंना स्पष्ट सांगितलेलं होतं. त्यामुळे त्यांचं हे विधान मला त्या वेळी विसंगत वाटलं.

राधाकृष्ण तुकडे जोडायचा कार्यक्रम फ्लॉपीत घेऊन आलेच होते. नऊ तुकडे जोडले. दाबलं. पडद्याच्या मधोमध टपालाच्या तिकिटाएवढा एक चौकोन उघडला आणि त्यात वृषाली दिसली.

जाड कोट घातलेली. मागे खिडकी, खिडकीत बर्फ. ती पुढे वाकली, मागे सरली, केस सारखे केले आणि बोलू लागली. अडतीस सेकंद बोलली. शेवटी हात वर केला आणि तशीच थांबली.

"एवढीशी?" कलाबाई म्हणाल्या.

राधाकृष्ण यांनी चित्र मोठं केलं. पडदाभर चौकोन झाले. त्यांतला कुठला चौकोन नाक आणि कुठला बर्फ, हे ठरेना. कलाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "लहानच ऱ्हाऊ द्या तिला."

चित्र लहान केलं. सतरा वेळा लावलं. अठराव्या वेळी दारात सावली पडली. खांद्यावर शिडी, हातात काठी. मी चपळाईने पडद्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "या भाऊ, कांदा नुकताच..."

"सरका, सर," भीमराजभाऊ म्हणाले.

मी सरकलो. कलाबाई खुर्चीतून उठल्या नाहीत, वळल्याही नाहीत. फक्त पदराने हातावरचं पीठ पुसत राहिल्या. भीमराजभाऊंनी शिडी भिंतीला टेकवली आणि कलाबाईंच्या खुर्चीमागे उभे राहिले. राधाकृष्ण यांनी पुन्हा लावलं. वृषाली पुढे वाकली, मागे सरली, बोलली, थांबली.

"वाळली," भीमराजभाऊ म्हणाले. थोड्या वेळाने: "आवाज कुठं हाय?"

इथे मला माझ्या एका शैक्षणिक भूमिकेचा खुलासा करावा लागेल. संस्थेचा संगणक टंकलेखनासाठी घेतलेला असल्यामुळे त्याला आवाजाची सोय नव्हती. हे मला माहीत नव्हतं. अग्निबाण, मासा आणि गोरा माणूस यांपैकी कुणीच कधी आवाज केला नव्हता. त्यावरून मी एक सिद्धान्त मांडला होता आणि तो सलग पाच तुकड्यांच्या विद्यार्थ्यांना वहीत उतरवून दिला होता. तोच मी भीमराजभाऊंना सांगितला.

"भाऊ, डिजिटल चित्राला आवाज नसतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे बोट केलं. "मग ती बोलतीया कशाला?"

पाच तुकड्यांत हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

वृषाली काय म्हणत असावी, यावर आमच्यात चर्चा झाली. मी म्हणालो, ती क्षमा मागते आहे. ओठांची हालचाल तशी आहे. राधाकृष्ण यांना लग्नाच्या शूटिंगचा बारा वर्षांचा अनुभव होता. ते म्हणाले, कॅमेऱ्यासमोरचा माणूस पहिली तीस सेकंद 'चालू झालं का?' एवढंच म्हणतो. कलाबाई म्हणाल्या, "ती 'जेवले' म्हनतीय. तिकडं पोहोचल्यापासून फोनवर पयलं तेच सांगायची."

भीमराजभाऊंनी चर्चेत भाग घेतला नाही. त्यांनी काठी उचलली, पुन्हा ठेवली.

"ती आजून लावती का फोन? रविवारचा?"

"सरांकडं आलेल्या कागदात तरी तसं लिवलंय," कलाबाई म्हणाल्या. "लावती, पन कुनी उचलत न्हाई म्हनती."

"वायर उपटली तरी तिकडं रिंग जाती," भीमराजभाऊ आम्हाला सांगत होते. पण पाहत होते पडद्याकडे. "आपला फोन बंद हाय हे लावनाऱ्याला कळत न्हाई. त्याला वाटतं, हे घरातच हायेत आन् उचलत न्हाईत. लाईनीवरच्या मान्साला हे म्हाईत आसतं." मग त्यांनी काठी उचलली. "पाच महिने म्हाईत हुतं."

राधाकृष्ण यांनी सवयीने पुन्हा एकदा लावलं. भीमराजभाऊ म्हणाले, "बास, सर. चित्र तुमचं खातं. आवाज आमचं." आणि शिडी घेऊन गेले. कलाबाई त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या दाराने बाहेर पडल्या.

त्या रविवारी मी मंडळाच्या वतीने त्यांच्या घरी गेलो. वृषालीची चित्रफीत चार फ्लॉप्यांत भरली होती, प्रत्येकीवर टंकलिखित चिठ्ठी लावली होती आणि चारही फ्लॉप्या एका पाकिटात घातल्या होत्या. त्यांच्या घरी संगणक नव्हता. तो पुढील दहा वर्षांत येण्याची चिन्हंही नव्हती. परंतु ज्याची चित्रफीत त्याच्याकडे एक प्रत असावी, असा मंडळाचा नियम आहे.

दारातच कलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आत भीमराजभाऊ स्टुलावर बसले होते, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरून. वायर भिंतीत परत गेली होती. भोवती नव्या सिमेंटचा ओला गोल होता.

"हं," ते म्हणत होते. "हं... हं... तू रडू नको, बिल चढतंय तुझं... न्हाई, मी कुठं... ते धूळ गेली नाकात." मग बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्याला दे. हिंदी येतं का त्याला? न्हाई? मंग राहू दे, नुसतं हॅलो म्हन म्हनावं." पलीकडून हॅलो आलं असावं. भीमराजभाऊ ताठ बसले आणि मोठ्याने म्हणाले, "हॅलो! जय भीम! मी फादर!"

मी पाकीट पुढे धरून उभा होतो. ते घ्यायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. शेवटी कलाबाईंनी ते घेतलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर माझ्या चहाचा कप ठेवला. बशी सापडत नव्हती.

पाचेक मिनिटांनी मी निघालो. मी गेल्याचं फोनवर असलेल्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाटेत मी स्वतःशी कबूल केलं, की अकरा दिवसांच्या मेहनतीनंतर जे झालं ते वायर भिंतीत घातली असती तर पहिल्याच रविवारी झालं असतं. हे मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवू नये, असंही मी तेव्हाच ठरवलं.

त्याच वर्षी डिसेंबरात राधाकृष्ण यांनी नगरहून आवाजाचं कार्ड आणून माझ्या संगणकात बसवलं. अग्निबाण गरजला. मासा गप्पच राहिला. (तो खरोखरच गप्प होता.) गोऱ्या माणसाचं हसू ऐकून तो कशाला हसतो याबद्दलचे मतभेद वाढले. मग आम्ही वृषालीची चित्रफीत लावली.

पहिली एकतीस सेकंद ती कॅमेऱ्यामागच्या कुणा मराठी शेजाऱ्याला म्हणत होती, "चालू झालं का? अहो, लाल दिवा दिसत नाहीये. झालं का चालू? बघा ना नीट." राधाकृष्ण यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. उरलेल्या सात सेकंदांत ती भराभर बोलली: "आई, मी बरी आहे. आण्णांना आता खांबावर चढू देऊ नकोस गं. वय झालं त्यांचं."

राधाकृष्ण यांनी चित्रफीत बंद केली. मग म्हणाले, "आन् हे उतरवायला आपन त्यांना अकरा दिवस..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. सचिव या नात्याने ते पूर्ण करण्याची जबाबदारी त्यांची होती, तरी मी आग्रह धरला नाही.

मी त्याच पावली भीमराजभाऊंकडे गेलो. त्यांच्या लेकीने त्यांच्यासाठी पाठवलेला, वर्षभर अडकून पडलेला निरोप माझ्याजवळ होता. असा निरोप पोहोचवण्याचं भाग्य टंकलेखन संस्थेच्या चालकाला सहसा मिळत नाही. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते सायकलच्या चाकात हवा भरत होते.

"खांबावर चढू नका म्हन्ली ना?" त्यांनी हवा भरणं थांबवलं नाही. "दर रविवारी म्हन्ती. मी हो म्हन्तो."

"आणि चढता?"

"सोमवारी."

वृषाली त्यानंतर दोन वर्षांनी नवऱ्याला घेऊन गावी आली, तेव्हा संस्थेतही येऊन गेली. मी तिला ती चित्रफीत अभिमानाने दाखवली. तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवल्याचं सांगितलं. ती ओशाळून म्हणाली, "अय्या सर, ही अजून आहे? काढून टाका ना प्लीज. किती बावळट दिसतेय मी." मी तिला समजावलं, की ही आता तिची खासगी बाब राहिलेली नाही.

मंडळ आजही कार्यरत आहे. 'नियोजित' हा शब्द आम्ही अद्याप काढलेला नाही. संग्रहात सध्या एक लाख चाळीस हजार फायली आहेत: लग्नं, मुंजी, नातवंडांची पहिली पावलं, कुणाच्या तरी गच्चीवरून काढलेले सूर्यास्त. नवीन सभासद घेणं चालू आहे. प्रवेश अर्जात तीनच रकाने आहेत: फाईलीचं नाव, ती कुठे ठेवली आहे, ती शेवटची कधी पाहिली. तिसरा रकाना आजवर एकाही अर्जदाराने भरलेला नाही, म्हणून तो कोरा असणं हीच पात्रतेची अट करण्यात आली. वर्गणी नाही, सभेला हजर राहण्याची सक्ती नाही, आणि अर्ज करण्याचीही गरज आता उरलेली नाही. आपल्या खिशातल्या फोनमध्ये काय काय साठलेलं आहे याचा अंदाज घेऊन मंडळाने आपलं सभासदत्व मागच्याच सभेत मंजूर केलं आहे. आपला क्रमांक मात्र कळवता येत नाही. यादी फार मोठी झाली असून ती कोणत्या फाईलीत ठेवली आहे, हे सचिवांना आठवत नाही.